‘कबुलीजबाब’ म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द आला कुठून?

रानजाई
परवा पेपरात बातमी होती, ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ आई चष्मा काढून म्हणाली, "झालं की मग. त्यानेच कबूल केलंय, आता खटला कशाला चालवायचा?" मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे तिला धड सांगताही येईना.

हे डोक्यातून जात नाही त्याला कारण आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाबद्दल अगदी हीच ओळ छापून आली होती. पुढे पाच वर्षांनी तो निर्दोष सुटला. ती बातमी कुठेही आली नाही. गावाच्या लेखी मात्र तो अजून ‘कबूल केलेला’च आहे.

म्हणून विचारते. कबुली आणि कबुलीजबाब एकच का? शब्द मुळात कुठला? आणि तो यायच्या आधी आपल्याकडे, म्हणजे संस्कृतात किंवा जुन्या मराठीत, अशा उघडपणे मान्य करण्याला काय म्हणत? जाणकारांनी लिहावं.

शब्दपारखी
शब्दाचं आधी सांगते. ‘कबूल’ अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. धातू क-ब-ल. ‘समोर असणं, सामोरं जाऊन घेणं’ हा त्याचा गाभा. नमाजाला ज्या दिशेला तोंड करतात ती किब्ला. समोरासमोर येणं म्हणजे मुकाबला. पुढ्यात आलेलं पाठ न फिरवता घेणं म्हणजे कबूल. काबील त्याच घरातला, आणि आपल्या कुटुंबकबिल्यातला कबिलासुद्धा. हिंदी-उर्दूत गुन्हा मान्य करण्याला ‘इकबाल’ म्हणतात, तोही यांचाच भाऊ.

‘जबाब’ म्हणजे अरबी जवाब, उत्तर. नवाबाचा नबाब केला तसा मराठीने इथेही व चा ब केला. तो आणखी आक्रसला आणि ‘जाब’ झाला, जो आपण लोकांना विचारतो. त्याला ‘दार’ लागला की जबाबदार, म्हणजे ज्याच्याकडे उत्तर मागायचं तो.

मला या जोडशब्दातलं ‘जबाब’ फार महत्त्वाचं वाटतं. जबाब आहे म्हणजे आधी कुणीतरी विचारलेलं आहे. कुणी विचारलं, कुठे विचारलं, कसं विचारलं, हे सगळं त्या शब्दाच्या पोटात बसलेलं आहे.

झुळूक
माझा भाचा लहानपणी ‘काबुलीजबाब’ म्हणायचा. छोल्यांची उलटतपासणी चाललीय असं डोळ्यांपुढे यायचं. :)

गोदाकाठ
@शब्दपारखी, पोलीस ‘जबानी’ घेतात ती आणि ‘फौजदारी जाबता’ मधला जाबता, हेही जबाबाचेच ना?

शब्दपारखी
दोन्ही नाहीत, कानाला मात्र तसे वाटतात. जबानी आली फारसी ‘जबान’पासून, म्हणजे जीभ. तोंडी सांगितलेलं ते जबानी. जाबता अरबी ‘जाबिता’पासून, म्हणजे नियम, शिस्त, आणि त्याच धातूतून आपला ‘जप्त’ आला. तीन वेगळी कुळं मराठी कचेरीत एका बाकावर येऊन बसली आहेत.

सातबारा_वकील
रानजाईताई, कायद्याचं सांगतो. ‘कन्फेशन’ची, म्हणजे कबुलीजबाबाची, व्याख्या १८७२ च्या पुरावा कायद्यात नव्हती आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. व्याख्या आहे ती ‘ॲडमिशन’ची, ज्याला आपण कबुली म्हणतो. वादातल्या एखाद्या मुद्द्याबद्दल किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या गोष्टीबद्दल काही सुचवणारं विधान, तोंडी असो की लेखी, ती कबुली. दिवाणी दाव्यात ‘हो, पैसे घेतले होते’ म्हणालात तर ती कबुली. कबुलीजबाब त्याच्या पोटात येतो, पण तो गुन्ह्याचा. म्हणजे प्रत्येक कबुलीजबाब ही कबुली असते, पण प्रत्येक कबुली हा कबुलीजबाब नसतो.

मग कबुलीजबाब कशाला म्हणायचं? ते प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९३९ मध्ये पकाला नारायण स्वामी खटल्यात सांगितलं. आरोपीने एकतर गुन्हाच स्पष्ट शब्दांत मान्य केला पाहिजे, नाहीतर गुन्हा ज्या गोष्टींनी बनतो त्या जवळजवळ सगळ्या मान्य केल्या पाहिजेत. नुसती अडचणीत आणणारी एखादी गोष्ट मान्य करणं पुरत नाही. त्या प्रकरणात पुरीला रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एका पेटीत प्रेत सापडलं होतं. आरोपी म्हणाला होता की मयत आपल्या घरी आला होता, राहिला आणि निघून गेला. संशय वाढवणारी गोष्ट खरी, पण कबुलीजबाब नव्हे.

पुढे १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पलविंदर कौर खटल्यात तेच धरलं आणि पुढचं सांगितलं. कबुलीजबाब घ्यायचा तर अख्खा घ्या, टाकायचा तर अख्खा टाका. त्यातलं ‘मी प्रेत लपवलं’ एवढं उचलून ‘पण मृत्यू चुकून झाला’ हे सोडून द्यायचं नाही.

झुळूक
त्या दुसऱ्या प्रकरणातही प्रेत पेटीतच होतं ना? वाचल्यासारखं आठवतंय.

सातबारा_वकील
हो, पेटीत भरून विहिरीत टाकलं होतं. आमच्या सरांनी वर्गात दोन्ही ‘पेटीचे खटले’ म्हणूनच शिकवले, त्यामुळे विद्यार्थी ते कधी विसरत नाहीत.

पारावरचा
हे सगळं ठीक आहे, पण मला रानजाईच्या आईंचं म्हणणं पटतं. माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मी केलं. मग ते पोलिसाला सांगितलं काय आणि न्यायाधीशाला सांगितलं काय? खरं ते खरंच. अशा बारकाव्यांमुळे ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना न्याय मिळत नाही. माझ्या नात्यात हे घडलंय, मी उगाच बोलत नाही.

फौजदारकन्या
पारावरचा, तुमचं दुःख समजते. पण मी फौजदाराची मुलगी आहे, पोलीस लाइनीत वाढले. वडील तपासाला निघाले की आईला जेवण झाकून ठेवायला सांगत आणि दोन-दोन दिवस घरी येत नसत. विहिरीचा गाळ उपसायचा, पंच शोधायचे, शेतात हुडकत फिरायचं. वडील म्हणत, "कबुलीवर विसंबला तो तपास विसरला." त्यांच्याच बरोबरीच्या काहींना ती पायपीट नको असे. कोठडीत चार तास घालवले की काम भागतं, असं त्यांना वाटे. आरोपी कबूल करायचा आणि खरा करणारा मोकळा फिरायचा. मग ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना न्याय मिळाला का?

सातबारा_वकील
फौजदारकन्या यांनी लिहिलं तीच या नियमाची जन्मकथा आहे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. महसूल वसूल करायला आणि कबुली काढायला काय काय करत ते त्यात नोंदलेलं आहे. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसापुढची कबुली पुराव्यातून बाद केली. पुरावा कायद्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने तीच तरतूद १८७२ मध्ये कलम २५ म्हणून आणली. इथल्या एका अनुभवी अधिकाऱ्याने त्याला सांगितलेलं त्याने पुढे लिहून ठेवलं: उन्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं असतं.

आता २४, २५, २६ ही जुनी कलमं नव्या अधिनियमात २२ आणि २३ मध्ये आली आहेत. सार तेच. आमिष, धमकी, वचन यांनी मिळवलेला कबुलीजबाब चालत नाही. नव्या कलमात बळजबरी हा शब्दही घातला आहे. पोलिसापुढचा चालत नाही. पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेलाही चालत नाही, दंडाधिकारी समक्ष हजर असल्याशिवाय.

तेव्हा ताई, पेपरातली ‘आरोपीने कबुली दिली’ ही ओळ बहुतेक वेळा पोलिसांनी सांगितलेली असते. कोर्टात तिची किंमत शून्य.

पारावरचा
शून्य म्हणता, पण पोलीस आरोपीला घेऊन जातात आणि तो झुडपातून कोयता काढून देतो, ते चालतं की.

सातबारा_वकील
बरोबर पकडलंत. ते जुनं कलम २७. आधी आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहून घ्यायचं तो मेमोरंडम पंचनामा आणि मागोमाग वस्तू सापडल्याचा जप्ती पंचनामा, हे फौजदारीत रोजचं आहे. आरोपीच्या सांगण्यावरून खरोखर काही सापडलं, तर त्याच्या बोलण्यातला त्या सापडण्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने रेघ कुठे ओढायची ते दाखवलं. ‘लपवलेला सुरा मी काढून देतो’ हे चालेल. ‘ज्याने मी भोसकलं तो’ हे शब्द चालणार नाहीत. एकाच वाक्याचे दोन तुकडे, एक पुरावा आणि दुसरा नाही.

गोदाकाठ
म्हणजे सुरा खरं बोलतो, माणसाच्या बोलण्याला आधार लागतो.

पंतोजी
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो कुणी हातात घेतला नाही. शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे.

धर्मशास्त्रात वादीने फिर्याद मांडली की प्रतिवादीचं उत्तर चार प्रकारचं असू शकतं. मिथ्या, म्हणजे साफ नाकारणं. संप्रतिपत्ती, म्हणजे मान्य करणं. प्रत्यवस्कंदन, यालाच कारणोत्तर म्हणतात. त्यात गोष्ट मान्य करून पुढे कारण जोडायचं. आणि प्राङ्न्याय, म्हणजे याचा निवाडा पूर्वीच झालाय असं सांगणं.

गंमत बघा. ‘शंभर घेतले नाहीत’ ही मिथ्या. ‘शंभर घेतले’ ही संप्रतिपत्ती, तिथे वाद संपला, पुरावा लागत नाही. ‘घेतले होते, पण परत केले’ हे प्रत्यवस्कंदन. इथे परत केल्याचं सिद्ध करायचा भार प्रतिवादीवर जातो, कारण घेतल्याचं त्याने स्वतःच मानलेलं आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत, हे अगदी उदाहरणांसह आहे. वकीलसाहेबांनी सांगितलेली ‘कबुली, पण कबुलीजबाब नव्हे’ ही गोष्ट वाचताना मला हेच आठवलं.

पण ‘उघडपणे’ हा रानजाईचा शब्द धरला तर वेगळाच धागा लागतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याच्या वाटा सांगितल्या आहेत, त्यात पहिली ‘ख्यापन’. ख्या म्हणजे प्रसिद्ध करणं, सांगणं. ख्याती, आख्यान, विख्यात यांतला. केलेलं कृत्य चारचौघांत बोलून दाखवणं म्हणजे ख्यापन. अनुताप, तप वगैरे त्याच्या मागून येतात.

आणि आठव्या अध्यायात एक चित्र आहे जे मी मुलांना नेहमी फळ्यावर काढून दाखवायचो. चोर मोकळे केस सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन राजाकडे धावत जातो आणि तोंडाने सांगत जातो: ‘एवंकर्मास्मि शाधि माम्’. मी असं असं केलंय, मला शासन कर. राजाने मारलं किंवा सोडलं, दोन्हींनी चोर सुटतो. पण राजाने शासन केलंच नाही तर चोराचं पाप राजाला लागतं. शिक्षेचं हत्यार तो स्वतः खांद्यावर घेऊन येतो, हे मला फार विलक्षण वाटतं. त्याला कुणी आणलेलं नाही. कुणी विचारलेलंही नाही.

शब्दपारखी
पंतोजी, केवढं सुंदर. म्हणजे ख्यापनात जबाब नाहीच! प्रश्नच नाही, तर उत्तर कुठून. कबुलीजबाब आणि ख्यापन हे समानार्थी शब्द नव्हेतच मग. एक विचारल्यावर येतो, दुसरं आतून येतं.

सातबारा_वकील
मात्र आजच्या कायद्यात न विचारता बोललेलंही कबुलीजबाबात धरतात, हे नोंदवायला हवं. १९६५ चा साहू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा निकाल आहे. सुनेच्या खुनाचा आरोप असलेला माणूस घरातून बाहेर पडताना स्वतःशीच पुटपुटत होता की तिला संपवलं आणि रोजची भांडणंही संपली. ते लोकांनी ऐकलं. प्रश्न असा आला की स्वतःशी बोललेलं कबुलीजबाब कसं होईल, तो तर कुणाला सांगत नव्हता. न्यायालय म्हणालं, दुसऱ्या कुणाला सांगितलंच पाहिजे असं कायद्यात नाही. ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवता येतो का, एवढं बघायचं.

झुळूक
अंगावर काटा आला हे वाचून.

मोडीवाचक
मी मोडी कागद वाचतो, त्यातलं थोडं सांगतो. शिवकाळ-पेशवाईतले वतनाचे तंटे घेतले तर वादी-प्रतिवादीकडून आधी तकरीर लिहून घेत, म्हणजे आपापलं म्हणणं. त्यानंतर दोघांकडून राजीनामा. हा आजचा नोकरी सोडायचा राजीनामा नव्हे. ‘गोत (निवाड्याला जमलेली गावसभा) किंवा पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य’ असं राजीखुशीने लिहून देणं तो राजीनामा. त्याला जामीनही द्यायचा.

आणि शेवटी येतं येजितखत. हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याला लिहून द्यायचं की माझा दावा खोटा ठरला, वतन तुझं, पुन्हा कटकट करणार नाही. रानजाई, उघड मान्य करण्याला जुनी मराठी काय म्हणायची असं विचारलंत ना, तर हा एक अस्सल शब्द. पहिल्यांदा एक येजितखत हातात घेतलं तेव्हा अक्षरांपेक्षा शेवटची निशाणी बघत बसलो. पाटील होता, त्याने सहीऐवजी नांगर काढला होता. रेघ मध्येच अडखळली होती. नुसता निकाल लागून भागत नसे, हरलेल्याने आपल्या हाताने लिहून द्यावं लागे, सगळ्या गोतासमोर.

अर्थात सगळं गोडीगुलाबीने होत नसे. पुरावा तुटला की दिव्य करायची वेळ यायची. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा ते रवादिव्य. हात बांधून ठेवायचे आणि काही दिवसांनी बघायचे. तेही एक प्रकारे खरं वदवून घेणंच, फक्त जिभेऐवजी कातडीकडून.

शब्दपारखी
तकरीर! तिचा धातू क-र-र, स्थिर करणं. त्यातूनच ‘करार’ आणि त्यातूनच ‘इकरार’. इस्लामी न्यायपद्धतीत स्वतःवरचं देणं किंवा दोष मान्य करण्याला इकरार हीच संज्ञा आहे. बोललेलं पक्कं होतं, हलत नाही, हा भाव. कबूलमध्ये सामोरं जाणं आणि इकरारमध्ये ठाम राहणं. आपण दोन्ही शब्द घेतले, पण कोर्टात कबूल टिकला आणि इकरार बहुतेक गाण्यांत गेला.

गोदाकाठ
विषय निघालाच आहे तर १८ मार्च १९२२ चा अहमदाबादचा खटला इथे आलाच पाहिजे. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांवरून राजद्रोह, कलम १२४ अ. गांधींनी व्यवसाय सांगितला ‘शेतकरी आणि विणकर’ आणि आरोप वाचून होताच गुन्हा कबूल केला. सरकारी बाजूचा आग्रह होता की तरीही पूर्ण खटला चालवा. न्यायाधीश ब्रूमफील्ड म्हणाले, कबुली मी स्वीकारतो, आता प्रश्न फक्त शिक्षेचा. मग गांधींनी निवेदन वाचलं आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षं झाली. निकाल देताना ब्रूमफील्डनी टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला दिला, तीही सहा वर्षांचीच.

पंतोजींचा मुसळवाला चोर वाचला आणि मला हेच आठवलं. शिक्षा द्या, असं स्वतः येऊन सांगणं. फरक एवढाच की चोर म्हणतो मी चुकलो, गांधी म्हणतात तुमच्या कायद्याने हा गुन्हा आहे, माझ्या लेखी कर्तव्य.

पारावरचा
पण टिळकांनी कबूल केलं नव्हतं हेही सांगा! कित्येक तास स्वतःचा बचाव स्वतः केला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवल्यावरही उभं राहून सांगितलं की मी निर्दोष आहे. ते कमी धैर्य होतं का?

गोदाकाठ
मुळीच नाही. लिहिलेल्या अक्षरापासून टिळक तसूभर हलले नाहीत. त्यांनी नाकारला तो राजद्रोहाचा ठपका. कृत्य मान्य आणि दोष अमान्य, हे पंतोजींच्या चार उत्तरांत कुठे बसतं?

पंतोजी
सरळ बसत नाही, आणि तेच मला मोलाचं वाटतं. प्रत्यवस्कंदनाच्या जवळ जातं, पण तिथे कारण जोडून सुटका मागायची असते. टिळक सुटका मागत होते असं मला त्यांचं बोलणं वाचताना कधी वाटलं नाही. ते शब्दांचा अर्थ काय, यावर भांडत होते. विचार करून पुन्हा लिहितो.

फौजदारकन्या
मघाशी कुणी मोक्काबद्दल, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याबद्दल, लिहिलं नाही म्हणून लिहिते. पोलिसापुढची कबुली चालत नाही याला अपवाद केले गेलेत. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८७ चा, त्यात अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालायचा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात असे कबुलीजबाब होते. टाडा १९९५ मध्ये संपला, तसाच पोटा २००२ मध्ये आला आणि २००४ मध्ये गेला. आपल्या राज्याचा मोक्का १९९९ पासून अजून आहे आणि त्यात ही तरतूद आहे. वडिलांना ती पटत नसे. ते म्हणत, खांद्यावर एक तारा वाढला म्हणून कोठडीच्या भिंती बदलतात का?

पारावरचा
इथे मी तुमच्याशी असहमत आहे, ताई. टोळ्यांच्या विरोधात साक्ष द्यायला कोण पुढे येतं? साक्षीदार फितूर होतात, माफीचा साक्षीदार मिळाला तर नशीब. अशा ठिकाणी वरिष्ठ अधिकाऱ्याने जबाबदारीने नोंदवलेला जबाब नको म्हणायचं तर मग राहिलं काय?

झुळूक
माफीचा साक्षीदार आणि कबुलीजबाब देणारा आरोपी यांत काय फरक?

सातबारा_वकील
कबुलीजबाब देणारा आरोपीच राहतो. माफीचा साक्षीदार गुन्ह्यात सामील असतो, पण सगळं खरं आणि पूर्ण सांगायच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देतं आणि तो शपथेवर साक्षीदार होतो, उलटतपासणीला सामोरा जातो. अट मोडली तर पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात. कबुलीजबाब देणाऱ्या आरोपीला दंडाधिकारी शपथ देत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा.

मोक्काबद्दल दोघांचंही ऐकलं. माझं मत फौजदारकन्या यांच्या बाजूने. २०२० मध्ये तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या कायद्यात अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेले जबाब कबुलीजबाब म्हणून वापरायला नकार दिला, तोही याच काळजीतून. राज्यघटनेचं कलम २०(३) आहेच: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

लघुलिपी
कालपासून सगळे प्रतिसाद वाचतोय. तालुक्याच्या कोर्टात मी लघुलेखक होतो, निवृत्त झालो. कलम १६४ चे कबुलीजबाब टंकायचं काम अनेकदा केलं. आता ते नागरिक सुरक्षा संहितेत १८३ झालंय, पण कोर्टात अजून बरेच जण ‘१६४ चा जबाब’च म्हणतात. तो कसा नोंदवतात ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही.

एक पोरगा होता, विशीतला. पोलिसांनी आणला. साहेबांनी पहिलं काम केलं ते पोलिसांना बाहेर काढायचं. नुसतं दालनाबाहेर नाही, व्हरांड्यातूनही. पट्टेवाल्याला सांगितलं, बघ कुणी खिडकीशी उभं आहे का. मग बेड्या काढायला लावल्या. पोरगा मनगट चोळत उभा राहिला, त्याला बसायला सांगितलं. साहेबांनी सांगितलं, मी दंडाधिकारी आहे, पोलीस नाही. तू काही सांगायला बांधील नाहीस. सांगितलंस तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. नाही सांगितलंस तर मी तुला परत पोलिसांच्या ताब्यात देणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

मग विचारलं, कुणी मारलं का, कुणी काही कबूल केलंय का तुला, किती दिवस कोठडीत होतास, अंगावर काही खुणा आहेत का. प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं मी टंकत होतो. त्या दिवशी कबुलीजबाब घेतलाच नाही. विचार करायला वेळ देऊन न्यायालयीन कोठडीत पाठवला. किमान चोवीस तास द्यावेत असं १९५७ च्या सरवण सिंग निकालात म्हटलंय, आमचे साहेब तो कटाक्षाने पाळत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून. पोरगा बराच वेळ गप्प बसला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. मग म्हणाला, "साहेब, मला काही सांगायचं नाही." साहेबांनी एवढंच म्हटलं, "बरं." मी ते एक वाक्य टंकलं, त्याला वाचून दाखवलं, त्याने सही केली. मी नोकरीत जेवढे कागद टंकले त्यात हा सगळ्यात छोटा असेल. तो मला सगळ्यात चांगला आठवतो.

जे खरोखर सांगत, त्यांच्या जबाबाखाली दंडाधिकाऱ्यांना प्रमाणपत्र लिहावं लागतं: याला समजावून सांगितलं आहे, हा स्वेच्छेने दिलेला आहे अशी माझी खात्री आहे, माझ्यासमक्ष नोंदवला, वाचून दाखवला. ते प्रमाणपत्र छापील ठोकळ्यासारखं चिकटवलं असेल तर वरचं कोर्ट बरोबर ओळखतं. आणि एवढं करूनही आरोपीने नंतर जबाब फिरवला, तर त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधतातच.

पारावरचा
लघुलिपी काका, मी हे कधी असं ऐकलं नव्हतं. त्या मुलाचं पुढे काय झालं?

लघुलिपी
माझी बदली झाली. कळलं नाही.

पारावरचा
मोक्काबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण ‘पोलिसाला सांगितलं काय आणि न्यायाधीशाला सांगितलं काय’ हे मी सुरुवातीला लिहिलं होतं, ते मागे घेतो.

शब्दपारखी
काकांच्या लिहिण्यातला एक शब्द टिपून ठेवला. ‘कुणी काही कबूल केलंय का तुला’, म्हणजे वचन, आमिष. मराठीत कबूल करणं म्हणजे दोष मान्य करणं आणि देऊ करणंही. एका ‘कबूल’मुळे दुसरा ‘कबूल’ बाद होतो, हे कायद्याचं कलम त्या शब्दातच दिसतंय.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. येजितखताची निशाणी आणि ‘मला काही सांगायचं नाही’ हे तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, त्याला फोन लाव.

मावसभावाशी आम्ही या विषयावर इतक्या वर्षांत कधीच बोललो नव्हतो. आईने सरळ विचारलं, तुला कोर्टात असं कुणी समजावून सांगितलं होतं का? तो म्हणाला, मावशी, मला कधीच कुठल्या दंडाधिकाऱ्यापुढे कबुलीसाठी नेलं नाही. रात्री चौकीत एका कागदावर सही घेतली, त्यावर काय होतं मला वाचून दाखवलं नाही. खटला चालला तेव्हा तो कागद कुणी पुढे केलाच नाही, कारण तो चालणारच नव्हता. दोषारोप ठेवला त्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, आणि मी म्हणालो, नाही. आख्ख्या पाच वर्षांत मला विचारलेला आणि लिहून घेतलेला जबाब तो एवढाच.

आई फोन ठेवून बराच वेळ बसून होती. आज सकाळी तिने विचारलं की निकालाचा कागद मिळतो का, तिला तो गावी न्यायचा आहे.

लघुलिपी
मिळतो, ताई. ज्या कोर्टात निकाल लागला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करायला सांगा, खटला क्रमांक आणि निकालाची तारीख घालून. सहीशिक्क्याची नक्कल मागा. पूर्ण निकालपत्राची घ्या, नुसत्या शेवटच्या पानाची नको. जुना खटला आहे, रेकॉर्ड रूममधून यायला थोडे दिवस लागतील. तारीख नक्की आठवत नसेल तर मावसभावाच्या वकिलांकडे असेल.

रानजाई
खटला क्रमांक त्याला तोंडपाठ आहे, काका. सोमवारी जातोय.